राजूरची मोटर वाटेत थांबली नाही

लढाईहून परतल्यावर लोक मला दोन गोष्टी हमखास विचारत. तिकडे माणसं कशी मेली, आणि तिकडे खायला काय मिळायचं. मी दोन्हींना बगल द्यायचो आणि गाड्यांविषयी बोलायला लागायचो. कैरोची ट्राम, बगदादची बस, इटलीतली आगगाडी. कोणत्या देशात गाडी वेळेवर येते, कुठे बसायला जागा मिळते, कुठला कंडक्टर धड बोलतो. ऐकणारे थोडा वेळ तोंडाचा आ करून ऐकत, मग कंटाळून उठत. मला तेच हवं असायचं.

गाड्यांविषयी बोलायचा मला अधिकार होता, एवढं मात्र खरं. फौजेत मी बंदूकवाला नव्हतो. ट्रक-कंपनीत हवालदाराच्या हुद्द्याचा कारकून होतो. कुठली गाडी कधी सुटली, कधी पोचली, उशीर झाला तर का झाला, हे टिपायचं माझं काम. न पोचलेल्या गाड्यांचंही टिपावं लागे. ती गाडी चालवणारा आदल्या दिवशी माझ्याशेजारी बसून चहा प्यालेला असे. सुरुवातीला तसं नाव लिहिताना मी मधेच टाक खाली ठेवायचो. पुढे ठेवेनासा झालो, आणि त्यानंतर मला काहीच होईनासं झालं. फार वेळ मांडी घालून बसलं की पाय बधिर होतो, तसा मी सगळाच्या सगळा झालो होतो. पायाला निदान नंतर मुंग्या तरी येतात. मला त्याही येत नव्हत्या.

लढाई संपल्याच्या पुढल्या वर्षी, शिमग्याच्या आधी, नगरच्या छावणीतून मला मोकळं केलं. गावाकडचा एक जण कोर्टाच्या कामाला नगरला आला होता. त्याच्याबरोबर मी घरी निरोप धाडला की गुरुवारी राजूरच्या मोटरीनं येतोय. वडील शाळामास्तर होते, ते मी फौजेत जाण्याच्या कितीतरी आधी गेले. घरी आई, धाकटा भाऊ आणि त्याची बायको. आईला भेटायचं, यापलीकडे माझ्या डोक्यात कसलाही बेत नव्हता. आणि त्याचीच मला धास्ती होती. आई समोर उभी राहिली आणि तरीही आत काही हललं नाही, तर मग माणूस म्हणून आपलं काही खरं नाही, असं मी मनाशी धरून बसलो होतो.

गुरुवारी सकाळी नगरला संगमनेरची मोटर धरली. धरली म्हणजे आत जाऊन बसलो. ती काही जागची हलेना. पेट्रोलची टंचाई अजून सरली नव्हती, त्यामुळे मोटरी कोळशाच्या ग्यासवर चालत. मागच्या बाजूला पत्र्याचं भलंमोठं पिंप, त्यात कोळसा, आणि क्लीनर हाताने पंखा फिरवून तो फुलवत बसलेला. ग्यास झाला की गाडी तयार. पण तयार झाली म्हणून ती सुटेल असं थोडंच होतं? भरल्याशिवाय ती सुटत नसे. भरली की ड्रायव्हर चहाला जायचा. चहा झाला की कुणाची तरी मावशी लांबून हात करत यायची, आणि मावशीला धावायची सवय नसायची.

राहुरीच्या अलीकडे एका मळ्यापाशी ड्रायव्हरनं गाडी थांबवली आणि पाणी प्यायला विहिरीवर गेला. तो गेला म्हणून बाकीचे गेले. मळेवाल्यानं ऊस मोडून दिला, तो खात मंडळी बांधावर बसली. मी एकटा गाडीत बसून राहिलो आणि कैरोच्या ट्रामचा विचार केला. कैरोत ट्राम यायची ती ठरल्या खांबापाशी. गर्दी इथल्यासारखीच, माणसं दारांना लटकलेली, पण बायकांचा कप्पा वेगळा, आणि कंडक्टर त्याच्या छोट्या भोंग्यानं पों केलं की ट्राम सुटलीच. तुमचा एक पाय वर असो की खाली असो. पहिल्या दिवशी मी त्या खांबापाशी पडलो होतो. उठवायला कुणी आलं नाही, आणि मला ते आवडलं होतं. कुणी कुणासाठी थांबायचं नाही, हा नियम मला फार सोयीचा वाटला होता.

इटलीत तर आगगाडीचे रूळ ठिकठिकाणी उडालेले. पूल गेलेले. तरी जेवढे रूळ शाबूत होते तेवढ्यांवर गाड्या धावत, आणि अर्ध्या पडलेल्या स्टेशनात टोपी घातलेला स्टेशनमास्तर घड्याळ बघत उभा असे. स्टेशनाला छप्पर नव्हतं, पण घड्याळ होतं. इथे राहुरीच्या रस्त्यावर छप्पर, रूळ, पूल, विहीर, ऊस, सगळं जिथल्या तिथे होतं आणि घड्याळाचा कुणाला पत्ता नव्हता. माझं डोकं सणकलं. त्या दिवसांत मला राग तेवढा येत असे, तोही असल्याच गोष्टींचा.

संगमनेरला पोचलो तेव्हा उन्हं माथ्यावरून कलली होती. राजूरची मोटर अड्ड्यावर उभी होती. तिच्या पायरीशी आमच्या शेजारच्या मळ्यातले आबा उभे. आमच्या बांधाला बांध लागून त्यांची जमीन. त्यांनी मला लहानपणी खांद्यावरून शाळेत सोडलेलं. मला वाटलं आता मिठी मारतील, रडतील, आणि मला काहीतरी करावं लागेल. त्यांनी तसं काही केलं नाही. माझी ट्रंक उचलली आणि क्लीनरकडे दिली.

"दादा, चला. बसा म्होरं."

"तुम्ही इथे कसे, आबा?"

"बाजाराला आल्तो. आईला जरा बरं न्हाई. पडून हाय. म्हनलं तुमाला संगतीनंच घिऊन जावं."

मी विचारलं, "फार आहे का?"

"चला तर खरं," आबा म्हणाले.

हे ऐकून मला काय वाटलं, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर असं आहे की काही वाटलं नाही. पोचायला किती वेळ लागेल, कोळसा पुरेसा आहे का, चढणीला गाडी किती दम घेईल, एवढाच हिशेब डोक्यात सुरू झाला. आपण वेळेवर पोचलं पाहिजे, हे मला समजत होतं. कारकुनाला समजतं तसं.

आणि मग नवल झालं. गाडी निम्मीसुद्धा भरली नव्हती, तरी आम्ही चढताच ड्रायव्हरनं ती सुरू केली. दोघंतिघं बोचकी घेऊन पळत आली. क्लीनर चांगला पन्नाशीचा बाप्या होता. त्यानं त्यांना हातानंच काहीतरी सांगितलं, तशी ती जागीच उभी राहिली. शिव्या नाहीत, आरडाओरडा नाही. मला ड्रायव्हरच्या शेजारी बसवलं होतं. ती जागा मामलेदार, फौजदार, सावकार असल्या लोकांची. माझ्या अंगावर फौजेचा डगला आणि डोक्यावर टोपी होती, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट वाटलं, चला, आपण नव्हतो तेवढ्यात इथली माणसं काहीतरी शिकली.

मी ड्रायव्हरला तसं म्हणालोही. "छान चालवता. वेळेवर काढलीत."

तो समोरच बघत होता. म्हणाला, "व्हय, हवालदार."

मागून आबांनी विचारलं, "दादा, तिकडं मोटारी कशा असत्यात वो? सांगा की."

झालं. मला हेच तर हवं असायचं. मी मागे वळून बसलो आणि सुरुवात केली. ट्राम विजेवर चालते म्हटल्यावर एकानं विचारलं, मग बैल कुठं जुपत्यात? बैल नसतात म्हटल्यावर त्यानं मान हलवली, पण त्याच्या तोंडावर हसू नव्हतं. बगदादच्या बसचं सांगितलं. ती लाकडी सांगाड्याची, आपल्याच मोटरीची चुलत बहीण, तीही भरल्याशिवाय न सुटणारी, पण टपावर बकऱ्या. एरवी टपावरच्या बकऱ्यांवर या लोकांनी अर्धा तास काढला असता. कुणी हसलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी थांबलो की कुणी ना कुणी पुढचा प्रश्न विचारी. फौजेतल्या माणसाला मान देतायत, असं मी समजलो.

मधेच मला आईची आठवण झाली. "आबा, आईला कधीपासून बरं नाही? औषध कुणाचं चालू आहे?"

"हायेत, समदी हायेत घरी. तुमी त्या आगगाडीचं सांगत हुता न्हवं? पूल मोडल्याव कशी जायाची?"

मी आगगाडीचं सांगायला लागलो.

त्या मोटरीत कुणी काही खाल्लं नव्हतं, हे मला नंतर उमगलं. बायकांच्या मांडीवर भाकरीची फडकी होती, ती सुटली नाहीत. आबांनी तंबाखूची चंची काढली आणि तशीच परत ठेवली. मोटरीत तासभर बसून कुणी तोंडात काही टाकत नाही, असं आमच्या भागात मी कधी पाहिलेलं नव्हतं. पण मी बोलत होतो. बोलणारा माणूस फारसं बघत नाही.

वाटेत अकोले गाव लागतं, तिथल्या अड्ड्यावर गाडी थांबलीच नाही. तिथे निम्मी मोटर उतरते, निम्मी भरते, ड्रायव्हरचा चहा होतो, टपाल चढतं. त्या दिवशी ड्रायव्हरनं वेग जरा कमी केला आणि भोंगासुद्धा न वाजवता गाडी मधून काढली. अड्ड्यावर पुष्कळ माणसं उभी होती. ती बाजूला झाली. हात कुणीच केला नाही. रस्त्याच्या कडेला एका म्हाताऱ्यानं डोक्यावरचा फेटा उतरवून हातात धरला. त्याच्या पलीकडच्या दोघांनी टोप्या काढल्या.

इटलीत रस्त्यावरचे लोक हॅट काढून नमस्कार करतात. तिथे मी इतके दिवस राहिलो होतो की मला दुसरं काही सुचलं नाही. मी त्यांना ताठ हातानं सॅल्यूट केला. मागे गाडीत कुणीतरी मोठा श्वास सोडला. आमच्याकडे माणूस कशासाठी बोडकं होतं, हे मी लहानपणापासून बघत आलेलो होतो.

गावाबाहेर एका बाभळीखाली बगलेत कोंबडी धरलेली एक म्हातारी उभी होती. नुसती उभी. राजूरच्या बाजूला जायचं असणार तिला, नाहीतर उन्हात कशाला थांबेल? मी ड्रायव्हरला म्हणालो, "अहो, म्हातारी आहे. एवढी तर घ्या."

"न्हाई घेता येत," तो म्हणाला.

गाडी तिच्या अंगावर धूळ उडवून पुढे गेली. म्हातारीनं पदर तोंडाला लावला. मला आत कुठेतरी बरं वाटलं, हेही सांगून टाकतो. नियम म्हणजे नियम. कैरोसारखं.

पुढे चढण लागते. कोळशाची मोटर तिथे मेटाकुटीला येते, मग ड्रायव्हर सगळ्यांना खाली उतरवून ढकलायला लावतो. त्यावरून भांडणं होतात, पैसे दिलेत की ढकलायचे घेतलेत असं विचारणारा एखादा असतोच. त्या दिवशी गाडी अजून चालत असतानाच पुरुष मंडळी पटापट खाली उतरली आणि न सांगता ढकलायला लागली. मीही उठलो. मागून आबा ओरडले, "तुमी बसा दादा. बसा." आबांचं वय तेव्हा साठीच्या पलीकडचं. ते खांदा लावून ढकलत होते आणि मी मामलेदाराच्या जागेवर बसून होतो. वर पोचल्यावर ते घामाघूम होऊन आत आले आणि दम खात म्हणाले, "हं, मंग त्या ट्रामचं भाडं किती म्हनला?"

आमचं गाव राजूरच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत. फाट्यावर एक चिंच आहे, मोटर तिथे सोडते आणि पुढचं चालायचं. त्या दिवशी ड्रायव्हरनं मोटर चिंचेपाशी वळवली आणि बैलगाडीच्या वाटेवर घातली. वाट कसली, नुसते दगड. पिंप आदळत होतं, क्लीनर मागे लोंबकळत ओरडत होता. मी म्हणालो, "अहो, टायर जातील." ड्रायव्हरनं गाडी तशीच पुढे रेटली.

घराच्या अंगणात सगळं गाव बसलेलं होतं. पुरुष एकीकडे, बोडके. बायका ओट्यावर. मधे बांबू पडलेले, सुतळी, मडकं. धाकटा भाऊ पुढे आला आणि त्यानं माझ्या डोक्यावरची फौजेची टोपी काढून घेतली.

आबा मागे उभे होते. म्हणाले, "दादा, आई पहाटंच गेली. वाटंला लागलेल्या मानसाला असं सांगू ने, म्हनून न्हाई सांगितलं. तुमच्यासाटी ठिवलीय."

मग भराभर समजत गेलं. पहाटे आई गेली. सकाळी राजूरहून मोटर खाली आली, तेव्हा भावानं फाट्यावर ती अडवून ड्रायव्हरला सांगितलं की थोरला आजच्याच परतीच्या मोटरीनं येतोय, त्याच्या हातानं अग्नी मिळावा, दिवस मावळायच्या आत त्याला आण. आबा त्याच मोटरीत बसले. ड्रायव्हरनं खाली जाताना दर थांब्यावर, दर अड्ड्यावर सांगत नेलं, की परतीला मी थांबणार नाही, मास्तरांच्या घरची माती खोळंबलीय. म्हणजे त्या सबंध रस्त्यावर माहीत नसलेला माणूस एकटा मी. ते सगळे मला ट्रामचं विचारत होते, ते मी घरचं विचारू नये म्हणून.

आत जाऊन मी आईला पाहिलं. ती फार बारीक झाली होती. कपाळावर कुणीतरी बुक्का लावला होता. मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. पाय गार होते. माझ्या आत काहीही हललं नाही. ज्याची धास्ती घेऊन आलो होतो तेच झालं. भावजय हंबरडा फोडत होती, भाऊ रडत होता, आणि मी वाकलेला होतो तो उठलो आणि भिंतीवरचं घड्याळ बघितलं. वडिलांचं घड्याळ. ते बंद होतं.

न्हाव्यानं मला अंगणात पाटावर बसवलं आणि डोक्याला पाणी लावलं. तेवढ्यात मोटर सुरू झाल्याचा आवाज आला. माझा कान गाड्यांचा. आवाज फाट्याकडे गेला, आणि तिथून राजूरच्या बाजूला न जाता उलटा, अकोल्याकडे उतरायला लागला. मोटरीतून आलेले राजूरचे पुरुष तर आमच्या अंगणात बसलेले होते.

मी आबांना विचारलं, "ती मागे कुठे चाललीय?"

"मानसं ऱ्हायली न्हवं वाटंत. त्यास्नी आनाया."

"परत? ही चढण उतरून?"

"मंग काय टाकून जायाचं?" आबा म्हणाले. न्हाव्यानं माझी मान हातानं खाली केली आणि वस्तरा लावला.

प्रवरेच्या काठी सगळं झालं तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. वेळेत झालं. मी अग्नी दिला, मडकं खांद्यावर घेऊन फिरलो, आंघोळ केली, जे जे सांगतील ते केलं. ओल्या धोतरानं आम्ही परत निघालो. मधे मोटरीचा रस्ता ओलांडावा लागतो. तिथे पोचलो आणि मोटर वर येताना दिसली. खच्चून भरलेली. आम्हाला पाहून ती थांबली. पंखा फिरवून क्लीनरचे हात काळे झाले होते. आतलं कुणी खाली उतरलं नाही. राजूरची मंडळी आमच्यातून निघून ओल्या अंगानं टपावर चढली.

खिडकीत ती कोंबडीवाली म्हातारी होती. ऊन लागून तिचं तोंड काळवंडलं होतं, केसांत आमच्याच गाडीची धूळ होती. दुपारपासून ती त्या बाभळीखाली बसून होती. तिनं माझं तासलेलं डोकं बघितलं आणि खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या खांद्यावर ठेवला. तिला मी ओळखत नव्हतो. आजही तिचं गाव कोणतं ते मला माहीत नाही.

"गाठ पडली का रं लेकरा आईची?"

मी म्हणालो, "पडली."

"मंग बरं झालं," ती म्हणाली. "बाई, मला घोर लागला हुता, गावतीया का न्हाई म्हून."

तेव्हा ते आलं. बधिर पाय खाली टेकल्यावर कळ यावी तसं, आणि मग सहन होईना. मी मोटरीच्या पत्र्याला धरून रडलो. भावानं मला धरलं. सगळ्यांना वाटलं आता कुठे आईचं दुःख बाहेर पडतंय, आणि तेही असेल. मोटर तशीच उभी होती. मी पत्रा सोडीपर्यंत ड्रायव्हरनं ती हलवली नाही, भोंगा वाजवला नाही, आणि आतलं एकही माणूस चला म्हणालं नाही.

त्या दिवशी राजूरची मोटर किती उशिरा पोचली, ते मी कुणालाच विचारलं नाही.